पुसलेली काच

तुमची आई ही गोष्ट पाहुण्यांना जेवताना सांगते, हे मला माहीत आहे. "आमच्या आईने काच पुसली आणि माझं पीएचडी अडकलं," असं म्हणते आणि सगळे हसतात. ती सांगते ते खरं आहे, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं तिलाही ठाऊक आहे. माझी लाज राखायची म्हणून ती ते सांगत नाही. तुम्ही दोघं आता मोठे झालात, तेव्हा ते मीच लिहून ठेवते. मुद्दाम मराठीत लिहिते आहे, तुम्हाला वाचायला वेळ लागला तरी. कारखान्याची इंग्रजी पत्रं लिहिण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. त्या भाषेत चूक कबूल करायची इतकी सफाईदार वाक्यं मला येतात की चूक कोणाची होती ते शेवटी कळतच नाही.

आधी घराबद्दल सांगते. अंबरनाथ पूर्वेला, पालेगावच्या रस्त्याला लागून आमची इमारत होती. तिसऱ्या मजल्यावर आमचं घर. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला होती. समोर भाताची खाचरं आणि त्यांच्या पलीकडे एमआयडीसीतली धुराडी. संध्याकाळी कारखान्यांचा वास यायचा, कधी आंबूस, कधी औषधासारखा कडवट. त्याला कंटाळून तुमच्या आजोबांनी एका रविवारी ती खिडकी आणि शेजारच्या झोपायच्या खोलीची खिडकी, दोन्ही खिळे ठोकून कायमच्या बंद केल्या. हवेसाठी गॅलरीचं दार होतं. पुढे आजोबा गेले, खिळे तसेच राहिले. काचा आतून मी दर शनिवारी पुसत असे. बाहेरून मात्र त्यांना कित्येक वर्षांत कोणाचा हात लागला नव्हता.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तुमची आई आर्किटेक्चर पुरं करून पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेली. त्याच वर्षी मी निवृत्त झाले. दोन्ही गोष्टी एकदम झाल्यामुळे मला सुरुवातीला कुठली गोष्ट सलते आहे तेच कळत नसे. सकाळी पाळीवर जाणाऱ्या कामगारांच्या रिक्षा खालून जायला लागल्या की माझी आंघोळ, वेणी, साडी सगळं उरकलेलं असे आणि मी खुर्चीत बसून राही. जायला कुठेच नसे. रविवारी सकाळी विहारात वंदनेला जायचे, तिथे चार शब्द बोलणं व्हायचं. बाकीच्या दिवशी कधीकधी संध्याकाळी दूधवाल्याशी बोलायला तोंड उघडलं की आवाज घोगरा निघायचा. दिवसभरातला तो पहिलाच असायचा.

तुमच्या आईचं पत्र महिन्याला एक यायचं, एका पानाचं. बरी आहे, थंडी आहे, काळजी करू नकोस. मी ते तीन दिवस पुरवून वाचत असे. त्यात तिची काही चूक नव्हती. लिहिण्यासारखं आमच्यात समान असं काही उरलं नव्हतं. तिचं जग मला दिसत नव्हतं आणि माझ्या जगात काही घडत नव्हतं.

मग एका वर्षी पाऊस संपल्यावर ती तीन आठवड्यांसाठी घरी आली, ती मोजपट्टी आणि प्रकाश मोजायचं एक यंत्र घेऊन. हातात मावेल एवढं, त्याला वायरने जोडलेली एक पांढरी वाटोळी चकती. चकती जिथे ठेवू तिथे किती उजेड पडतो, तो आकडा यंत्रावर दिसायचा. त्याला लक्स मीटर म्हणतात. तिने आमच्या स्वयंपाकघराची लांबी, रुंदी, ओट्याची उंची, मांडणीची खोली, सगळं मोजलं. मी पट्टीचं दुसरं टोक धरून उभी. तीन आठवड्यांतले ते दोन दिवस आम्ही सगळ्यात जास्त बोललो.

मग तिने सुताराला बोलावून झोपायच्या खोलीच्या खिडकीची एक काच काढून घेतली. बाहेरच्या बाजूने तिच्यावर राखाडी, चिकट थर होता. तो पुसला जाऊ नये म्हणून तिने काच खोक्याच्या चौकटीत अलगद अडकवली आणि वरून माझं जुनं सुती लुगडं गुंडाळलं.

"अगं, ही घाण विमानातून नेणार तू?"

"घाण नाही आई, नमुना."

"तिथे विचारतील, हिच्या आईला काच पुसता येत नाही का म्हणून."

"विचारू देत. त्यांच्याकडे अशी काच कुठे मिळायला!"

तिचा विषय तिने मला ओट्याशी बसून समजावला, तो मी वहीत उतरवून घेतला होता. संगणकात ती आपलं स्वयंपाकघर जसंच्या तसं उभं करणार होती आणि त्यात ऊन पाडणार होती. संगणक उलटा चालतो, ती म्हणाली. सूर्यापासून निघत नाही, बघणाऱ्याच्या डोळ्यापासून निघतो. ओट्यावरच्या एका ठिपक्यावर जातो आणि विचारतो, तुझ्यावर उजेड कुठून आला? असं विचारत विचारत खिडकीपर्यंत पोचतो. काच स्वच्छ असेल तर प्रश्न सोपा, किरण सरळ पलीकडे जातो, थोडासा उजेड वाटेत कमी होतो, संपलं. काचेवर बटर पेपर चिकटवलेला असेल तरी सोपं. उजेड सगळीकडे सारखा फाकतो, मग बाहेरचा सूर्य विसरायचा आणि खिडकीलाच दिवा समजायचं. घोटाळा होतो तो आपल्यासारख्या खिडकीचा. धुरकट काचेतून थोडं ऊन सरळ येतं, थोडं जरासं वाकडं होतं, थोडं कुठल्या कुठे जातं. एका किरणाचे शंभर होतात आणि त्या प्रत्येकाच्या मागे जायला संगणकाला दिवसचे दिवस लागतात. तेव्हाच्या प्रोग्रॅममध्ये 'सरळ' आणि 'सगळीकडे' असे दोनच कप्पे होते. मधल्या काचेचं काय करायचं, ते तुमची आई शोधत होती. तिथल्या प्रयोगशाळेत ती आपल्या काचेतून उजेड कसा फाकतो ते मोजणार, ते संगणकाला शिकवणार, आणि संगणकाने काढलेले आकडे खऱ्या स्वयंपाकघरातल्या आकड्यांशी जुळतात का ते पाहणार. खरे आकडे मी पाठवायचे होते.

जाताना तिने मला सूचनांची यादी दिली. रोज सकाळी नऊ, दुपारी बारा, तीन. ठरलेल्या पाच जागा. आकाशात ढग आहेत की नाहीत ते लिहायचं. चकतीवर आपली सावली पडू द्यायची नाही. खिडकीत काहीही बदल करायचा नाही. वाचून मला फार बरं वाटलं. पुन्हा वेळेवर करायचं काम मिळालं होतं.

ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पावणेनऊला वही, पेन्सिल, यंत्र घेऊन मी ओट्याशी उभी राहिले आणि खिडकीकडे पाहिलं. सकाळच्या उन्हात बाहेरचा थर स्पष्ट दिसत होता. कडेला पावसाचे ओघळ वाळलेले. माझ्या मनात आलं, हे आकडे तिचे प्राध्यापक पाहणार. आपल्या घरातला उजेड परदेशात चार शिकलेल्या लोकांसमोर जाणार, तो असा जायचा? पाहुणे यायचे म्हटल्यावर आपण उंबरा पुसतो, तसंच ते झालं. मी काठीला ओलं फडकं बांधलं, गॅलरीतून वाकून हात लांब केला आणि काच बाहेरून पुसली. मग कोरड्या फडक्याने. मग नऊचा आकडा घेतला.

खिडकी मी बदललेली नव्हती. उघडली नव्हती, पडदा लावला नव्हता. पुसणं हा बदल असतो हे माझ्या डोक्यातही आलं नाही. धूळ रोज बसायची, म्हणून मी रोज पुसायला लागले. झोपायच्या खोलीची खिडकी मात्र तशीच ठेवली. ती कोण पाहणार होतं?

शेजारच्या गॅलरीत एक बाई कपडे वाळत घालत असायच्या. चारपाच दिवस त्यांनी बघितलं, मग राहवलं नाही.

"काय हो, रोज कोण पाव्हणे येतात तुमच्याकडे?"

"अमेरिकेचे," मी म्हटलं.

"मग आमच्या पण खिडकीवरनं एक हात मारा. चुकून इकडं आले तर!"

आकडे मी दर सोमवारी पोस्टात टाकायचे. पहिल्या आकड्यांवर तिचं उत्तर आलं ते चार पानांचं. मी ते उभ्यानेच वाचलं. "आई, गंमत झाली आहे. ओट्यावर तुझा आकडा माझ्या हिशेबापेक्षा खूप जास्त येतो, आणि मांडणीच्या कोपऱ्यात कमी. तुझी उन्हाची तिरीप फार ठळक आहे." खाली आकृती काढली होती, तिच्यात ओटा, मांडणी आणि बाण. भिंतीचा रंग तोच आहे ना, विचारलं होतं. पुढच्या आठवड्यात दुसरं पत्र. समोर काही नवं बांधकाम झालं का? यंत्राची बॅटरी बदलून बघ. मग तिसरं. आता महिन्याला एक नाही, आठवड्याला एक पत्र येत होतं. त्यांत आकड्यांच्या अधेमधे बाकीचंही यायला लागलं. खोलीतल्या हीटरचा आवाज, आमटी करपली ते, संगणक दोन दिवस चालत राहतो तेव्हा ती शेजारी बसून काय विचार करते ते. मी भराभर उत्तरं लिहायचे. पोस्टमन खाली जिन्यापाशी सायकल लावायचा तो आवाज मी ओळखायला लागले.

तिसऱ्या पत्रात तिने काचेबद्दल लिहिलं. प्रयोगशाळेत तिने आपल्या काचेमागे दिवा धरला होता. दिव्याभोवती धुक्यातल्या चंद्रासारखं तेजाचं कडं दिसलं. "हे कडं म्हणजेच माझा सगळा प्रबंध, आई. ती धूळ नसती तर लिहायला काही नव्हतं. ऊन काचेवर पसरून कोपऱ्यापर्यंत जायला हवं, आणि तुझ्या आकड्यांत ते जातच नाही. का, ते मला कळत नाही."

मला कळलं. पत्र हातात होतं, आणि समोर दांडीवर ते फडकं वाळत होतं.

आता लिहायचं ते हे. त्याच दिवशी मी तिला कळवायला हवं होतं. झोपायच्या खोलीच्या उरलेल्या धुळकट काचा जागेवरच होत्या, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला त्या पुरल्या असत्या. त्या काढून स्वयंपाकघराच्या खिडकीला बसवायच्या, एका दिवसाचं काम. ते मला लगेच सुचलंही होतं. मी पत्र लिहायला बसले, तारीख घातली, आणि मग मला वाटलं, हे कळवलं की आकडे जुळतील, आणि आकडे जुळले की तिला मला विचारायचं काही राहणार नाही. मी ते पत्र लिहिलं नाही.

त्यानंतर तिची आणखी चार पत्रं आली. तिच्या प्रत्येक प्रश्नाला मी खरं उत्तर दिलं. रंग तोच आहे. बांधकाम नाही. बॅटरी नवी घातली. एकदा तिने विचारलं, "खिडकी तशीच आहे ना?" मी लिहिलं, "खिडकी बंदच आहे." सत्तावीस वर्षांच्या नोकरीत शिकलेलं वाक्य होतं ते. आणि मी रोज पावणेनऊला काच पुसत राहिले, कारण पुसायचं थांबवलं तर आकडे हळूहळू तिच्या आकड्यांकडे सरकले असते. पहिला दीड महिना ती चूक होती. पुढे चूक राहिली नाही.

फेब्रुवारीत जे पत्र आलं ते पुन्हा एका पानाचं होतं. आकृती नाही, बाण नाहीत. "आई, बहुतेक माझंच मूळ गणित चुकलं आहे. सर म्हणाले, मार्चअखेर जुळलं नाही तर हे प्रकरण गाळून टाक आणि दुसरं काही घे. दोन वर्षांचं काम आहे. मला वाटतं मी या कामाची नाही. इतरांना जमतं, मला जमत नाही. तू आकडे पाठवायचे थांबव, उगाच तुला त्रास."

हे अक्षर तिचं नेहमीचं नव्हतं. ती पहिलीत असताना पाटीवर लिहायची तसं, दाबून लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनजवळच्या फोनबूथवर गेले. तिच्याकडे आदली संध्याकाळ होती.

"आई? काय झालं? बरी आहेस ना?"

"मी काच पुसते."

"काय?"

"खिडकीची. बाहेरून. रोज, नऊच्या आधी."

"रोज?"

"रविवारी विहारात जायच्या आधी."

ती हसायला लागली. आधी हळू, मग मोठ्याने. हसता हसता तिच्या खोलीतल्या कोणाला तरी इंग्रजीत सांगायला लागली, शी क्लीन्ड इट, माय मदर क्लीन्ड इट. मलाही हसू आलं. तिथेच संपवता आलं असतं. मग तिचं हसणं थांबलं.

"पण आई, धुळीचं मी तुला लिहिलं होतं. केव्हाच."

"हो."

"तेव्हा तुझ्या लक्षात नाही आलं?"

बूथवाला पेपर वाचत होता. मी त्याच्याकडे पाठ केली.

"आलं."

"मग?"

"मग तुझी पत्रं येत होती."

मी दोनदा तिला हाक मारली. शेवटी "ठेवते मी" एवढंच ऐकू आलं.

तशीच रिक्षा करून मी उल्हासनगरला, कॅम्प दोन म्हणतात त्या भागात गेले. तिथल्या बाजारात काचेची ओळीने दुकानं होती. एका म्हाताऱ्या सिंधी दुकानदाराला सांगितलं की काचा घरातल्याच आहेत, फक्त एका खिडकीतून काढून दुसरीला बसवायच्या.

"नई लगवा लो ना, माई. बढिया माल आहे."

"नवी नको. मळकीच पाहिजे."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "पैंतीस साल धंदा केला साईं, मैली काच मागणारं गिऱ्हाईक आज पाहिलं."

दुपारी तो स्वतःच आला. काचा काढल्या, बसवल्या, कडांना लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, सगळं सुबक. आणि शेवटी हत्यारं पिशवीत टाकताना, हाताच्या सवयीने, खांद्यावरचं फडकं घेऊन गॅलरीतून काचेकडे वाकला.

"अहो, नाही! हात लावू नका!"

तो दचकला. "अरे माई, काम झालं की आम्ही साफ करून देतो. आदत है."

"मलाही आहे," मी म्हटलं.

दहा दिवस मी आकडे घेतले. तिरीप आता मऊ पडत होती, तिची कड कुठे संपते ते सांगता येत नव्हतं. मांडणीच्या कोपऱ्यातल्या पितळी डब्यांवर उजेड पोचत होता. हा फरक मला आधीच, नुसत्या डोळ्यांनीही दिसायला हवा होता. आकडे नीट लिहून पाठवले. सोबत पत्र लिहिलं नाही. काय लिहावं ते कुठल्याच भाषेत सुचलं नाही.

तिच्याकडून काहीच आलं नाही. एक आठवडा, दोन, तीन. मार्च संपत आला. तिचं प्रकरण राहिलं की गळलं ते मला कळायला मार्ग नव्हता आणि फोन करायची हिंमत नव्हती. पोस्टमन यायची वेळ झाली की मी मुद्दाम आतल्या खोलीत जाऊन बसायचे. आयुष्यात इतकी एकटी मी आजोबा गेले तेव्हाही नव्हते. तेव्हा निदान दोष माझा नव्हता.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पत्र आलं. आकडे जुळले होते. सरांनी प्रकरण ठेवायला सांगितलं होतं. खाली वेगळ्या शाईत, बहुधा वेगळ्या दिवशी लिहिलेलं: "मी खूप चिडले होते. अजून थोडी आहे. पण मी माझी जुनी पत्रं आठवली, महिन्याला एक. त्यांत मी खरंच काही लिहीत नव्हते. आता दर आठवड्याला लिहीन."

तिने लिहिलंही. दोन महिने आठवड्याला. मग पंधरवड्याला. मग पुन्हा महिन्याला. मी तिला दोष देत नाही. जुळलेल्या गोष्टीबद्दल लिहिण्यासारखं फार काही नसतं.

त्या वर्षअखेरीस प्रबंधाची प्रत टपालाने आली. मधल्या एका पानावर संगणकाने काढलेलं रंगीत चित्र होतं, आमचं स्वयंपाकघर, सकाळी नऊचं. ओट्यावर ती मऊ तिरीप, मांडणीच्या कोपऱ्यात तो पोचलेला उजेड. मी कितीतरी वेळ पाहत राहिले. शेजाऱ्यांकडे नुकताच फोन बसला होता. एका रविवारी तिने तिथे फोन केला आणि विचारलं, "चित्र पाहिलंस? बरोबर वाटतं?"

"ऊन अगदी बरोबर आहे," मी म्हटलं. "पण शेगडी नाही, डबे नाहीत. कोणी राहत नसल्यासारखं दिसतं."

"ते काढून टाकावं लागतं, आई. एवढ्या वस्तूंचा हिशेब केला तर महिने लागतील."

"आणि मी?"

"तू?"

"नऊ वाजता मी ओट्यासमोर असते. मांडणीवर माझी सावली पडते."

ती हसली. "अगं, माणूस नाही घालता येत त्यात. माणूस सारखा हलतो ना."

"मी फारशी हलत नाही गं," मी म्हटलं.

शेजारच्या बाई स्वयंपाकघरात उगीच भांडी आवरत होत्या, मला ऐकू येत होतं. तुमची आई म्हणाली, "मी येते. सुट्टी मिळाली की लगेच येते."

ती आली. त्याला दीड वर्ष लागलं, आणि आली तेव्हा तुमचे बाबा तिच्यासोबत होते.